साधं घरचं जेवण नावाचं थोतांड

सुरुवातीलाच सांगून टाकतो. ह्या लेखात वरणभाताबद्दल वाईट बोललं जाणार आहे. गरम वरणभात, तूप, लिंबू एवढं नुसतं वाचूनच ज्यांचे डोळे पाणावतात (माझेही पाणावतात), त्यांनी इथेच थांबावं आणि शनिवार सुखात घालवावा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा.

तर झालं असं. ऑफिसात दर वर्षी आरोग्य तपासणी असते. उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं आणि मग मिळणारं बटाट्याचं सँडविच आणि खोक्यातला आंब्याचा रस घेऊन जागेवर यायचं. (साखर तपासून झाल्यावर साखर पाजायची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा दंडवत.) दोन वर्षं मी तो रिपोर्ट उघडलाही नव्हता. ह्या खेपेला शेजारच्याने उघडला म्हणून मीही उघडला. वय २८, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ७२ किलो, कंबर ९४ सेंटीमीटर. ट्रायग्लिसराइड्स २३८, जे १५० च्या आत हवेत. आणि एचबीएवनसी ६.०. ही साधारण तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची खूण असते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह आणि मधल्या पट्ट्यात अस्मादिक.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाता?"

मी छाती फुगवून म्हटलं, "घरचंच. साधं जेवण. बाहेरचं फारसं नाही."

ते मान वर न करता म्हणाले, "सगळे हेच सांगतात."

हे एक वाक्य डोक्यात बसलं. कारण त्यात माझ्यावर आळ नव्हता, माझ्या आईच्या स्वयंपाकावर होता. आणि आपल्याकडे तुम्ही देवावर शंका घेऊ शकता, सरकारवर घेऊ शकता, 'घरचं साधं जेवण' ह्या गोष्टीवर मात्र घेऊ शकत नाही. ते सकस असतं, सात्त्विक असतं, संतुलित असतं. विषय संपला.

माझ्यापुरता नाही संपला. धंदाच असा आहे की काहीतरी बिघडलं की आधी लॉग बघायचा. मग दोन आठवडे मी तोंडात जे जे गेलं ते वजनकाट्यावर ठेवून एक्सेलमध्ये टाकलं. त्यातला एक सरासरी दिवस इथे देतो. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. मग एक बशी कांदेपोहे, बटाटा घालून. अकरा वाजता चहा. डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, भात. संध्याकाळी एक वडापाव, चहा. रात्री दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात. ह्यात एकही पिझ्झा नाही, कोल्ड्रिंक नाही, मिठाई नाही. कुठल्याही मराठी आईने बघून म्हणावं, गुणी मुलगा आहे हो.

आता बेरीज. कार्बोहायड्रेट्स सुमारे ४३० ग्रॅम. प्रोटीन सुमारे ६० ग्रॅम. फॅट ६० ग्रॅमच्या आसपास. कॅलरी अडीच हजार, आणि त्यातल्या जवळजवळ ७० टक्के कार्ब्जमधून. प्रोटीनमधून जेमतेम ९ टक्के.

बरं, ६० ग्रॅम प्रोटीन कमी आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ७२ किलोला ६० ग्रॅम. काठावर पास! पण हे साठ आले कुठून ते बघा. अर्ध्याहून जास्त पोळी, भात आणि पोह्यांमधून. म्हणजे मी प्रोटीन खात नव्हतो, मी धान्य खात होतो आणि प्रोटीन त्यात विनातिकीट प्रवास करत होतं.

"पण डाळ-भातात पूर्ण प्रोटीन असतं!" हे वाक्य मला आतापर्यंत निदान दहा जणांनी ऐकवलंय. खरं आहे ते. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते तांदळात मिळतं, तांदळात जे कमी ते डाळीत. पण गुणवत्ता पूर्ण असणं वेगळं आणि प्रमाण पुरेसं असणं वेगळं. आपल्या घरात वरणभात म्हणजे ७५ ग्रॅम तांदूळ आणि फार तर २५ ग्रॅम डाळ. (वरण पातळ असतं ना? मग बघा वाटीत डाळ किती आणि पाणी किती.) ह्या एका खेपेत प्रोटीन ११ ग्रॅम आणि कार्ब्ज ७० च्या वर. २० ग्रॅम प्रोटीन हवं असेल तर १३० ग्रॅम कार्ब्ज गिळा. दिवसभर खुर्चीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाने ते जाळायचे कुठे?

आता जरा आपल्या महान खाद्यसंस्कृतीकडे वळू. मी तिचा भक्त आहे, पण भक्ताने डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. आपली एक खासियत आहे, कार्ब्जला तोंडी लावायला कार्ब्ज. बटाटा बेसनात बुडवायचा, तळायचा, पावात घालायचा. पुरी-भाजी म्हणजे मैदा किंवा कणीक आणि सोबत बटाटा. पोह्यात बटाटा. पुरणपोळीचं बरं होतं, त्यात डाळ असते, तर तिच्यात तेवढाच गूळ घालून हिशोब बरोबर करून टाकायचा.

आणि उपास. आमचे बाबा माळकरी आहेत. घरात महिन्याला दोन एकादश्या न चुकता होतात. एकादशीला काय, तर साबुदाणा. हा साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातलं शुद्ध स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज आणि प्रोटीन नावालाही नाही. खिचडीत दाण्याचं कूट पडतं म्हणून थोडी अब्रू वाचते. त्याच्या जोडीला बटाटा, रताळं, वरी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणारे पूर्वज काही मूर्ख नव्हते. पोटाला विश्रांती द्यायच्या दिवशी आपण स्वादुपिंडाला ओव्हरटाइम लावतो.

ह्यावर दोन ठरावीक उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं : "आमचे आजोबा आयुष्यभर हेच खाऊन नव्वद वर्षं जगले." माझेही जगले. माझे आजोबा सकाळी भाकरी खाऊन शेतात जायचे आणि संध्याकाळपर्यंत ती भाकरी घामावाटे परत करायचे. मी सकाळी पोहे खाऊन बसमध्ये बसतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसतो, ऑफिसात बसतो, मीटिंगला बसतो, घरी येऊन सोफ्यावर बसतो. आजोबांचं इंधन घ्यायचं आणि आजोबांचं काम करायचं नाही, असा हा कारभार आहे. शिवाय एक गोष्ट आपल्या शरीराचीही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक ह्यांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट पुढे आणि आत चरबी साठलेली, असा हा आपला देशी नमुना. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" ह्या प्रश्नाला आपल्याकडे अर्थ नाही. आरसा खोटं बोलतो, कंबरेची टेप खरं बोलते.

दुसरं : "मग भाकरी खा की! ज्वारी, नाचणी, मिलेट्स!" हे तर सध्या ऑफिसच्या कँटीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे आहे. भाकरी चांगलीच आहे, तंतू जास्त असतात, पोटाला बरी. पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कार्ब्ज ७० ग्रॅमच्या आसपास, गव्हातही जवळपास तेवढेच. आयसीएमआर-इंडियाब ह्या देशव्यापी पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी ६२ टक्के कार्ब्जमधून येतात. आणि त्यात असंही दिसलं, की एकूण कार्ब्ज कमी न करता नुसतं पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. उलट कार्ब्जमधल्या थोड्या कॅलरींच्या जागी डाळी-कडधान्यं, दूधदुभतं ह्यांतलं प्रोटीन आणलं तर तो कमी दिसतो. थोडक्यात काय, गाडीचा रंग बदलून मायलेज वाढत नाही.

ह्याच पाहणीने २०२३ मध्ये देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख असा अंदाज दिला होता. मी ह्या दुसऱ्या गर्दीतला एक.

असो. आता माझी फजिती ऐका, कारण तीही सांगायला हवी. लॉग बघून मी असा काही पेटलो की थेट कीटोच सुरू केलं. ऑफिसात एक स्वयंघोषित गुरू होताच. दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कार्ब्ज, बाकी लोणी, चीज, पनीर, अंडी. सकाळी कॉफीत लोणी. (हो, लोणी. कॉफीत. मी प्यायलोय. विसरायचा प्रयत्न करतोय.) घरात अंडं चालत नाही, त्यामुळे ती ऑफिसच्या कँटीनमध्ये. दहा दिवसांत साडेतीन किलो उतरले आणि मी जगाला शहाणपण शिकवायला लागलो. आईने पोळी वाढली की मी तिच्याकडे असा बघायचो जणू तिने ताटात झुरळ वाढलंय.

त्या साडेतीन किलोंचं गुपित नंतर वाचलं. शरीर सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज बंद केले की ही टाकी रिकामी होते आणि पाणी जातं. म्हणजे त्यातला मोठा वाटा सरळ मोरीत गेला होता. बाकी डोकेदुखी, रात्री पोटऱ्यांत गोळे आणि बद्धकोष्ठ, ह्यांचं वर्णन करत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ट्रायग्लिसराइड्स छान उतरले होते, पण एलडीएल ११८ वरून १६१ वर चढलं होतं. गुरू म्हणाला, "एलडीएलला काही अर्थ नसतो." मी म्हटलं, बाबा रे, वरणभातवाल्यांचं तरी काय वेगळं असतं? त्यांनाही न आवडणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो!

म्हणून हे भांडण दुहेरी आहे. कीटोवाल्यांचं म्हणणं, इन्सुलिन खाली आणा की चरबी आपोआप वितळते, कॅलरी मोजायची गरज नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल ह्यांच्या गटाने २०१५ मध्ये १९ स्थूल माणसांना कोंडून, मोजून-मापून खायला घातलं. सारख्याच कॅलरी कापल्या, एकदा कार्ब्जमधून, एकदा फॅटमधून. सहा दिवसांत इन्सुलिन उतरलं ते कार्ब्ज कापल्यावर, पण शरीरातली चरबी जास्त गेली ती फॅट कापल्यावर. सहाच दिवसांचा प्रयोग, मान्य. मग मोठा बघा. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर ह्यांचा, २०१८ मध्ये छापून आलेला. ६०९ माणसं, १२ महिने. कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्ब्जवाल्यांचं ६.०. म्हणण्यासारखा फरक नाही. पण दोन्ही गटांना एक गोष्ट समान सांगितलेली होती : साखर आणि मैद्यासारखी परिष्कृत धान्यं कमी करा, भाज्या भरपूर खा.

आणि ह्यात नवीन तरी काय? लंडनमध्ये अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या विल्यम बँटिंगने १८६३ मध्ये पाव, साखर, बटाटे सोडून वजन कसं उतरवलं ह्यावर पुस्तिका लिहिली होती. मिरगीच्या रुग्णांसाठी कीटो आहार अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली सुचवला गेला. तिथे तो औषध म्हणून होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपण त्याची जीवनशैली केली आणि कॉफीत लोणी घातलं.

मग मी काय करतो? कार्ब्ज बंद नाही, अर्ध्याहून कमी. सकाळी मुगाची धिरडी आणि थोडं पनीर, किंवा ऑफिसात तीन अंडी. डब्यात दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची भली मोठी वाटीभर उसळ, दही, कोशिंबीर. संध्याकाळी वडापावच्या जागी मूठभर शेंगदाणे. रात्री एक भाकरी, भाजी, पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, घट्ट आमटी, ताक. भात रविवारी. कार्ब्ज १८० ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन ८५ ते ९०, फॅट पूर्वीपेक्षा जास्त, पण लोण्याऐवजी दाणे, तीळ आणि तेलातून. एकूण कॅलरी सुमारे १८५०.

आठ महिन्यांनंतर : वजन ६६ किलो, कंबर ८६, ट्रायग्लिसराइड्स १३१, एलडीएल १२४, एचबीएवनसी ५.५. ह्यात रोजच्या चाळीस मिनिटं चालण्याचा वाटा आहे, आणि कॅलरीच साडेसहाशेने घटल्या हाही आहे. म्हणजे चमत्कार नाही, वजाबाकी आहे. फक्त ही वजाबाकी मला जमली, कारण प्रोटीन आणि फॅट खाल्लं की चार वाजता डोळे मिटत नाहीत आणि सहा वाजता वडापावचा वास छळत नाही. माझ्या अनुभवातली सगळ्यात मोठी गोष्ट वजन नाहीच. भूक गप्प बसली, ही आहे.

इथे लेख संपला असता तर मीही एक छोटा गुरू झालो असतो. पण खरी गोष्ट पुढे आहे.

ह्या सगळ्या काळात मी ग्रॅम मोजत होतो. माझे. काटा ओट्यावर, एक्सेल मोबाईलवर. आईने कटकट न करता दोन स्वयंपाक सुरू केले होते, बाबांचा नेहमीचा आणि माझा 'तो'. एका रात्री कॉल लांबला म्हणून उशिरा जेवायला बसलो. आई शेजारी येऊन बसली, तिचंही राहिलं होतं. माझ्या ताटात पनीर, उसळ, दही. तिच्या ताटात सकाळचा उरलेला भात फोडणी देऊन, एक शिळी पोळी आणि लोणच्याची फोड.

मी विचारलं, "तू पनीर का नाही घेतलंस?"

"मला नाही रे लागत ते. तुझं मोजलेलं असतं ना. आणि उरलेला भात कोण संपवणार?"

तुझं मोजलेलं असतं ना! त्या रात्री मी पहिल्यांदा तिचं ताट एक्सेलमध्ये टाकलं. सकाळी चहात बुडवून दोन खारी. दुपारी दोघांचं झाल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेलं वरण, म्हणजे पाणी. भात. पोळी. रात्री जे उरेल ते. दिवसाचं प्रोटीन ३५ ग्रॅमच्या आत. साठ किलोच्या बाईला किमान ५० हवं. दोन वर्षं ती म्हणत होती, थकायला होतं, पाय दुखतात. आम्ही म्हणत होतो, वय झालं. मागे लागून तपासणी करून घेतली. एचबीएवनसी ७.४.

माझ्या ६.० साठी वजनकाटा आणला होता. तिच्या ७.४ चा कुणाला पत्ताही नव्हता.

आणि तेव्हा मला 'साधं घरचं जेवण' ह्या शब्दांचा अर्थ लागला. साधं म्हणजे स्वस्त, पोट भरणारं आणि धान्याने फुगवलेलं. घरचं म्हणजे एका बाईने सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाऊन वाया न घालवलेलं. डाळ-दूध-तूप ह्या महाग गोष्टी ताटांच्या उतरंडीने खाली येतात आणि तिच्यापर्यंत पोचेपर्यंत फक्त भात उरतो. आणि ह्याला आपण संस्कार म्हणतो, वर फोटो काढून 'आईच्या हातचं' म्हणून टाकतो.

हे घरापुरतंच आहे असंही नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यातला हक्क कशाचा, तर माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा. पोट भरायची सोय झाली, आणि ती लहान गोष्ट नाही. पण डाळ ज्याची त्याने बघावी. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना फळ. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी सरकारने काढून घेतला. माझे बाबा अंडं खात नाहीत, त्यांना कुणी खायला सांगूही नये. पण ज्या पोराला ते हवंय त्याच्या ताटातून ते काढताना आपल्याला काही वाटत नाही, कारण आपल्या डोक्यात भात झाला की जेवण झालं.

मध्यंतरी आमच्या नातेवाइकांत २०१८-१९ सारखंच 'दीक्षित की दिवेकर' पुन्हा पेटलं होतं. दिवसातून दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं. दोन्ही बाजूंनी पुरुष तावातावाने बोलत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की किती वेळा जेवायचं ह्यावर वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही आत स्वयंपाकघरात जाऊन, शेवटी जेवणारी काय जेवते, हे बघितलेलं नाही. मीही नव्हतं बघितलं.

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगतो. एक, भात मोजून लागतो. उरतच नाही, त्यामुळे कुणाला संपवावा लागत नाही. हा एवढा साधा उपाय आहे की मला लाज वाटते. दोन, डाळ दुप्पट आणि पाणी निम्मं. तीन, रात्री तिघं एकदम बसतो आणि आधी आईचं ताट वाढलं जातं. चार, कडधान्य भिजवणं, मोड आणणं, दही लावणं आणि सकाळची धिरडी हे माझं काम. (पहिल्या आठवड्यातली धिरडी तव्यावरून खरवडून काढावी लागली. हळूहळू जमलं.) पाच, एकादशीला साबुदाण्याऐवजी बाबांनी स्वतःहून दाण्याची आमटी, राजगिरा आणि दही सुरू केलं. विठोबाने अजून तक्रार केलेली नाही.

आईला डॉक्टरांनी गोळी सुरू केली. सहा महिन्यांनी तिचा आकडा ६.५ आला. त्यात गोळीचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण ती परवा दुसऱ्या मजल्यावर जिन्याने आली आणि म्हणाली, "आज दम नाही लागला रे."

एक इशारा मात्र गंभीरपणे : ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी माझं वाचून उद्यापासून पोळी-भात कापू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मी इंजिनिअर आहे, माझ्या सल्ल्याने फार तर तुमचा कोड बिघडावा.

ज्यांनी "मग काय खायचंच नाही का?" म्हणून बाह्या सरसावल्या असतील त्यांना एवढंच : खा. वरणभातही खा. पण एक आठवडा घरातल्या प्रत्येकाचं ताट लिहून ठेवा. स्वतःचं लिहाच, पण सुरुवात जी शेवटी जेवते तिच्यापासून करा. मग पुन्हा मला सांगा, साधं घरचं जेवण संतुलित असतं म्हणून.

चूभूदेघे.

ता. क. : गणपतीत उकडीचे नऊ मोदक खाल्ले. वर तूप. लॉगमध्ये प्रामाणिकपणे लिहिलेले आहेत. आईने तीन खाल्ले, तेही लिहिलेत.